हरवलेले काम परत देणारी विद्या

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की छावणीचा भाग मागे पडतो आणि हिंडलगा लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आता शहरास जवळजवळ चिकटले आहे. तरी भात, रताळी आणि बटाटा यांवर ज्यांचा संसार चालतो अशी घरे गावात आणि पलीकडच्या खेड्यांत अजून पुष्कळ आहेत. अशा एखाद्या घरातील पंचावन्न वर्षांच्या कर्त्या पुरुषास पहाटेच्या वेळी अर्धांगाचा झटका आला, अशी कल्पना करावी. त्यास वेळेवर रुग्णालयात नेले, प्राण वाचले, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्या-दीड महिन्याने तो काठी टेकीत चार पावले टाकू लागला. डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितले. वैद्यकाच्या दृष्टीने हा रुग्ण सुधारला.

घरी आल्यावर मात्र निराळेच चित्र दिसू लागते. सून पाण्याचा तांब्या हातात देते, मुलगा आंघोळ घालतो, बायको घास भरवते, सदऱ्याची गुंडी लावावयास नातवंड धावून येते. कोणी हयगय करीत नाही. उलट सारे घर त्याच्यासाठी झटत असते. आणि तरीही सहा महिन्यांच्या आत तो मनुष्य खंगू लागतो, बोलेनासा होतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. औषधात कसूर झालेली नसते आणि सेवेतही झालेली नसते. त्याच्या हातचे काम गेलेले असते, आणि ते परत मिळवून देणारे कोणी त्या घराच्या उंबऱ्याशी आलेले नसते.

हे काम परत मिळवून देणाऱ्या विद्येस ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत तिला व्यवसायोपचार हे नाव रूढ झाले आहे. नाव थोडे फसवे आहे. व्यवसाय म्हटले की दुकान, धंदा, नोकरी डोळ्यांपुढे येते, आणि मग हा उपचार म्हणजे अपंगांस कामधंदा लावून देण्याची एखादी सरकारी योजना असावी असा पुष्कळांचा समज होतो. परंतु संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय आणि उद्यम; तो अर्थ येथे अधिक जवळचा. सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालीपर्यंत मनुष्य जे जे हेतुपूर्वक करतो ते सारे या शास्त्राच्या लेखी व्यवसायच होय. शेतकऱ्याची पेरणी हा व्यवसाय. त्याची आंघोळ, पंढरीची वारी, पारावरच्या गप्पा, नातवाला कडेवर घेणे हाही व्यवसायच. लहान मुलाचा व्यवसाय खेळ. यांपैकी जे आजाराने, अपघाताने, म्हातारपणाने हिरावले गेले, किंवा जन्मतःच ज्याला हात पोचू शकला नाही, ते त्याच कामाच्या द्वारे मिळवून देणे, आणि जे मिळणारच नाही त्याच्यासाठी दुसरी वाट काढून देणे, एवढे या विद्येचे प्रयोजन. काम हे येथे साध्यही आहे आणि औषधही.

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, आता खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली आहे आणि व्यवसायोपचाराची गल्लत बहुधा तिच्याशीच होते. दोन्ही विद्या सख्ख्या बहिणी खऱ्या. पण त्यांचे प्रश्न वेगळे. स्नायूत बळ किती आहे, सांधा किती वळतो, तोल कितपत सांभाळला जातो, हे भौतिकोपचारतज्ज्ञ पाहतो आणि त्यावर व्यायाम देतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो की, हा मनुष्य आजारापूर्वी दिवसभर काय करीत असे, आणि उद्या सकाळी त्यातले काय करता आले तर त्यास पुन्हा माणसांत आल्यासारखे वाटेल? बळ आले तरी काम येतेच असे नाही, आणि बळ पुरते आले नाही तरी काम अडतेच असेही नाही. चांगल्या रुग्णालयात हे दोघे एकमेकांस विचारूनच पुढे जातात.

वर कल्पिलेल्या शेतकऱ्याकडे व्यवसायोपचारतज्ज्ञ गेला तर तो प्रथम त्याच्या दिवसाची यादी करील. सदरा घालणे हे त्या यादीतले साधे काम. अधू हात आधी बाहीत घालावा आणि धड हात मागाहून. काढताना उलट, धड हात आधी मोकळा करावा. एवढा क्रम समजला की ज्या गोष्टीसाठी घरातले दोघे लागत होते ती तो एकटा करू लागतो. गुंड्या जमत नसतील तर त्यांच्या जागी चिकटपट्टी शिवता येते. जेवणाचे ताट सरकते म्हणून भरवावे लागत असेल, तर ताटाखाली ओले फडके पसरावे, आणि ताटाऐवजी उभ्या काठाची परात घ्यावी, म्हणजे भात काठाशी दाबून घास करता येतो.

कधी कधी घोटाळा हाताचा नसून मेंदूचा असतो. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडचे अवधानच हरपते. डोळे धड असतात, पण डावीकडचे जग त्यांच्या लेखी उरत नाही. असा मनुष्य ताटातील उजवीकडची भाजी-भाकरी संपवतो आणि डावीकडचा भात तसाच टाकतो. घरचे म्हणतात, अन्नावरची वासना गेली. तज्ज्ञ ताट फिरवून ठेवतो आणि तो मनुष्य उरलेला भात खाऊ लागतो! मग ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून, ती दिसेपर्यंत मान वळवावयाची, अशी सवय लावली जाते. शेतात, रस्त्यावर, डावीकडून येणाऱ्या वाहनापुढे हीच सवय पुढे प्राण वाचवते.

खुद्द अधू हातासाठीही उपचार कामातूनच निघतो. पोळपाटावर लाटणे ठेवून दोन्ही तळवे त्यावर टेकावयाचे; धड हात लाटणे ढकलतो आणि अधू हातास आपल्याबरोबर नेतो. रताळ्याच्या हंगामात तर औषध अंगणातच येऊन पडलेले असते. ढिगातून मोठी रताळी उचलून टोपलीत टाकणे हा पहिला धडा. ते साधले की मध्यम, मग बोटाएवढी. पुढे शेंगा फोडणे, शेवटी तांदळातले खडे वेचणे. व्यायाम म्हणून रबरी चेंडू शंभर वेळा दाबावयास सांगितले तर कोणीही तिसऱ्या दिवशी कंटाळेल. तीच हालचाल रताळी निवडताना शंभर वेळा होते, मालाची प्रतवारी होते, आणि संध्याकाळी बायको म्हणते की आज पोती तुम्ही भरलीत. ह्या वाक्याचे मोल कोणत्याही गोळीत नाही. अर्थात काम सोपे-अवघड पायरीपायरीने लावणे, थकवा कोठे सुरू होतो ते ओळखणे, चुकीच्या पद्धतीने खांदा ओढला जाऊ न देणे, यालाच शिक्षण लागते. नुसते "काहीतरी करीत जा" असे सांगणे म्हणजे व्यवसायोपचार नव्हे.

सर्वांत मोठा अडथळा मात्र रुग्णाचा हात नसतो. घरच्यांचे प्रेम असते. आजाऱ्याने स्वतः पाणी घ्यावे आणि सुनेने बघत उभे राहावे, हे मराठी घरात कोणास बरे दिसेल? शेजारीण नावे ठेवील. एक घास तोंडापर्यंत नेण्यास त्यास दोन मिनिटे लागतात, चार शिते सांडतात. ते पाहवत नाही म्हणून बायको घास उचलते, आणि त्या क्षणी उपचार थांबतो. तज्ज्ञाचे निम्मे कौशल्य घरच्यांचे हात मागे धरावयास शिकविण्यात जाते. ते कठोरपणाने होत नाही. त्या घराची रीत, त्यातील मानपान, कोणाचा शब्द चालतो, हे कळल्यावाचून तर मुळीच होत नाही.

या विद्येचे मूळ पाहू गेल्यास ते वेड्यांच्या इस्पितळांत सापडते. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल १७९३ साली बिसेत्र येथील संस्थेत आला आणि साखळदंडात कोंडलेल्या मनोरुग्णांस माणसासारखे वागवावे, त्यांस नियमित काम द्यावे, असा आग्रह त्याने धरला. इंग्लंडात विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने १७९६ मध्ये यॉर्क येथे 'रिट्रीट' उघडून तोच मार्ग धरला. पण यास स्वतंत्र शास्त्र म्हणून नाव मिळाले ते विसाव्या शतकात, आणि तेही एका रुग्णाकडून! जॉर्ज बार्टन हा अमेरिकन वास्तुशिल्पी. क्षयाने गांजलेला, पुढे पायाच्या बोटांवर शस्त्रक्रिया झाली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. बागकाम आणि सुतारकाम करीत करीत त्याने स्वतःस उभे केले, आणि न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे आपल्या घरात इतरांसाठी तसा प्रयोग मांडला. त्याच घरात १५ मार्च १९१७ रोजी मोजक्या मंडळींनी एकत्र येऊन या विद्येची पहिली संस्था स्थापिली. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली, आणि हात-पाय गमावून परतणाऱ्या सैनिकांनी या नव्या विद्येस तिचे पहिले मोठे क्षेत्र दिले.

त्याच १९१७ साली, अपंग हिंदी सैनिकांस हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीस गेले. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मधले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, त्या भागातील सैनिकांच्या घरांस ही नावे अपरिचित असावयाची नाहीत. तथापि रुग्णाचा संपूर्ण दिवस हाती घेणारी, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण असलेली विद्या म्हणून व्यवसायोपचार या देशात आणला तो एका स्त्रीने.

एलिझाबेथ लंडी ह्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९०० साली क्वेकर कुटुंबात जन्मल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या वयात इकडे स्त्रिया सासूपणाची तयारी करतात त्या वयात त्या विद्यार्थिनी होऊन वर्गात बसल्या. मुंबईस परत येऊन त्यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात काम सुरू केले आणि १९५० मध्ये तेथेच व्यवसायोपचाराचे विद्यालय उघडले. भारतातील ते पहिले. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघ त्यांनी उभा केला, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा राष्ट्रांत भारताचे नाव होते. १९५८ मध्ये नागपूर येथे दुसरे विद्यालय निघाले तेही त्यांच्याच खटपटीने. १९७९ मध्ये त्या निवर्तल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेचे नाव अनेकांच्या कानावर असते. ज्यांच्या स्मरणार्थ ते आहे त्या बाई कोण, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

परदेशातून आलेली पुस्तके काटे-चमचे आणि खुर्च्या गृहीत धरून लिहिलेली होती. इकडचा रुग्ण जमिनीवर मांडी घालतो, बोटांनी भात कालवतो, उकिडवा बसतो, तांब्याने पाणी घेतो, विळीवर पाय ठेवून भाजी चिरतो. मांडी घालता येईना म्हणजे इकडे पंगत तुटते, पूजा तुटते, शौचासही अडते. गुडघ्याची वा कमरेची एकच व्याधी दोन देशांत दोन निराळी संकटे आणते. म्हणून ही विद्या नुसती भाषांतरित करून चालत नाही; तिला प्रत्येक प्रदेशात नव्याने हातपाय फुटावे लागतात.

याचे ठळक उदाहरण कुष्ठरोगाचे. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि त्यात होणाऱ्या जखमांनी ती झिजतात. वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येऊ लागली, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला : सुधारलेल्या हाताने करावयाचे काय? मनगट हलविणारा स्नायू बोटाकडे वळविला तर त्या स्नायूस नवे काम शिकवावे लागते, आणि ते शिकविणे हा व्यवसायोपचाराचाच भाग. वेल्लोरला अशा रुग्णांसाठी निराळे केंद्र उघडून त्यांस सुतारकाम शिकविले गेले. वेदना नसलेल्या हाताने हत्यार किती घट्ट धरावे, तव्याची कड कशी ओळखावी, चहाचा पेला कशात धरावा, रोज संध्याकाळी दिव्याखाली तळवे कसे तपासावे, हे शिकणे हातास बळ येण्याइतकेच महत्त्वाचे ठरले. महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ दिली. तेथील भाषा उपचाराची नव्हती, स्वाभिमानाची होती. परंतु कामानेच मनुष्य उभा राहतो ही खूण दोन्हीकडे एकच.

हिंडलग्याचे नाव दूरवर ऐकू येते ते तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे. कारागृहाच्या शिक्षेतही काम आहेच. सक्तमजुरी हा शब्दच त्यासाठी आहे. तेव्हा एखाद्यास शंका येईल की मजुरीने मनुष्य सुधारतो तर मग व्यवसायोपचार निराळा कशाला? उत्तर त्या 'सक्त'मध्ये आहे. काम दुसऱ्याने लादले की त्याचे ओझे होते. जे काम मनुष्याच्या स्वतःच्या जगण्यातून निघाले आणि त्याने आपण होऊन पत्करले, तेच औषध होऊ शकते. म्हणून जाणता तज्ज्ञ कोणासही सरसकट टोपल्या विणावयास बसवीत नाही. जुन्या काळी परदेशी रुग्णालयांतून तसे झाले, आणि ही विद्या म्हणजे टोपल्या विणणे अशी तिची थट्टाही पुष्कळ झाली.

बेळगाव-निपाणीच्या टापूत तर कामांचे प्रकार असे आहेत की दूरच्या तज्ज्ञास ते नुसते समजून घेण्यातच महिना जावा. निपाणीची विडी कामगार स्त्री मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, दिवसभर पान कापते, तंबाखू भरते, वळते आणि दोरा बांधते. तिची मान, पाठ आणि बोटांची पेरे यांस एकाच वेळी शिणवणारी ही बैठक आहे. तिला "हे काम सोडा" असे सांगणे सोपे; घर चालते ते त्याच कामावर, तेव्हा सूप किती उंचीवर यावे, पाठीस भिंतीचा टेकू कसा घ्यावा, किती वेळाने उठावे, याचा विचार करणे हेच उपयोगाचे. वडगाव-शहापूरच्या विणकराचा खांदा निराळा दुखतो, बटाटा काढणाऱ्या बाईची कंबर निराळी. खुरप्याची मूठ बोटांत ठरत नसेल तर तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे देऊन जाड करता येते. एका हाताने बटाटा चिरावयाचा असेल तर पाटातून दोन न गंजणारे खिळे वर काढून त्यांवर तो रोवता येतो. पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, उंच उंबरे, अंधारी न्हाणीघरे ही तर म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडण्याची ठिकाणेच. तेथे भिंतीस एक दांडी ठोकणे आणि दिव्याची जागा बदलणे हा उपचार महागडा खासच नव्हे.

आणि ही सारी विचारपूस करावयाची कोणत्या भाषेत? या भागात सासू मराठीत सांगते, रुग्णालयातली परिचारिका कन्नडात विचारते, पलंगाशेजारचा रुग्ण कोकणी नाहीतर उर्दूत कण्हतो. अर्धांगाने वाचा बिघडलेला मनुष्य तर कधी कधी शिकलेली भाषा विसरून आईच्या बोलीतला एखादाच शब्द उच्चारतो. तो शब्द ज्याला कळेल त्याच्या हाती त्या रुग्णाची किल्ली येईल. हिंडलग्याच्या ज्या मुलाने वा मुलीने घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी असा व्यवहार लहानपणापासून केला आहे, शेतातील बैठक आणि चुलीपुढची बैठक ज्यास ठाऊक आहे, त्यास या विद्येचा तो भाग आधीच आलेला असतो जो पुस्तकांत मिळत नाही.

गेल्या सत्तर वर्षांत रुग्ण बदलले. के. ई. एम.मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा पोलिओने पाय गेलेली मुले हा मोठा वर्ग होता. भारतातील पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्या जागी आता अर्धांग, रस्त्यावरील अपघात, मेंदूस व मणक्यास झालेल्या इजा, आणि आयुर्मान वाढल्याने येणारा स्मृतिभ्रंश आला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत स्वमग्नता आली. स्वमग्न मुलास गिरणीचा आवाज सहन होत नाही, नव्या कापडाचा स्पर्श सोसत नाही. घरचे त्यास हट्टी म्हणतात, शाळा त्यास खोडकर म्हणते. झोका, वाळू, दोरीची शिडी, ओबडधोबड गालिचा अशा साधनांनी खेळता खेळता त्याच्या इंद्रियांची घडी बसविणे हे आज व्यवसायोपचाराचे वाढते क्षेत्र आहे. मनोरुग्णांच्या सेवेचे मूळ क्षेत्रही सुटलेले नाही. बेळगावपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर धारवाडला १८४५ पासून मनोरुग्णालय आहे. औषधाने भ्रम शमल्यावर सकाळी उठून अंथरूण घडी करणे, पैशाचा हिशेब ठेवणे, एस. टी.त बसून एकट्याने गावी जाणे, हे ज्यास पुन्हा जमले तोच खरा घरी परतला असे म्हणावे.

आता या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने काय जाणावे? बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. महाराष्ट्रातील पदवीचा अभ्यासक्रम आजवर सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष रुग्णसेवेसह साडेचार वर्षांचा राहिला असून प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने नेमलेल्या आयोगाकडून देशभर एकसारखा अभ्यासक्रम लागू होत आहे. तेव्हा कालावधी व प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी विचारून घ्याव्यात हे बरे. परळचे के. ई. एम., शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे ही विद्या शिकविली जाते. कर्नाटकात मणिपाल येथे सोय आहे. शरीररचना आणि मज्जाशास्त्र यांच्या जोडीला मानसशास्त्र, आधारपट्ट्या तयार करणे, घराची व कारखान्यातील कामाच्या जागेची पाहणी, असा अभ्यास असतो. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून रुग्णाच्या हाताबरहुकूम पट्टी घडविताना पाहिले तर सुताराची आणि डॉक्टरची विद्या एकाच टेबलावर आल्यासारखी वाटते.

अडचणीही सांगितल्याच पाहिजेत. सरकारी रुग्णालयांत जागा थोड्या आहेत. डॉक्टर मंडळीही कित्येकदा रुग्ण फिजिओथेरपीकडे पाठवून थांबतात. पदवी घेतल्यावर पहिली काही वर्षे आपण कोण हे समजावून सांगण्यातच जातात, आणि ज्यास लवकर नाव व पैसा हवा असेल त्याने दुसरा मार्ग धरावा. शिवाय अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत या व्यवसायास मान आणि मागणी दोन्ही असल्याने, तेथील परवान्याच्या परीक्षा देऊन चांगले विद्यार्थी निघून जातात. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. परंतु परळला शिकलेली विद्या मेलबर्नला पोचते आणि चंदगडला पोचत नाही, ही गोष्ट मनास लागणारी आहे. दुसऱ्या बाजूने, शहरांतून 'थेरपी सेंटर' अशा पाट्या लावून अर्धवट शिकलेली माणसे मुलांवर प्रयोग करीत असल्याचे दिसते. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा कायदा आहे आणि तज्ज्ञाची तीत नोंद असावी लागते. पालकांनी ते नोंदणीपत्र पाहण्यास संकोच करू नये.

संधी मात्र नव्या दिशांनी उघडत आहेत. विशेष मुलांच्या शाळा, खाजगी रुग्णालयांतील अर्धांग विभाग, वृद्धाश्रम, कारखान्यांतील कामाची बैठक सुधारण्याचे सल्लागारपद, आणि घरोघर जाऊन करावयाची सेवा, यांत या पदवीधरास स्थान आहे. स्वतंत्रपणे काम करू इच्छिणाऱ्यास फार भांडवल लागत नाही. सीमाभागात अशा तज्ज्ञाने जम बसविला तर त्याचे ग्राहक आजरा-चंदगडपासून खानापूरपर्यंतचे असतील, आणि त्यांतील निम्म्यांस तो काय करतो हे पहिल्या भेटीतच कळेल. कारण घरातल्या माणसाने सहा महिन्यांनंतर स्वतःच्या हाताने चहाचा कप तोंडास लावलेला त्यांनी पाहिलेला असेल.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक दिवस एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात परवानगी घेऊन बसावे. तेथे यंत्रांचा झगमगाट दिसणार नाही. मणी ओवणारी बोटे, कुलपात किल्ली फिरविण्याचा सराव करणारा वृद्ध, चेंडू टाकून घेणारे मूल असेच काही दिसेल. वृद्धाची किल्ली विसाव्यांदा चुकते आणि समोर बसलेली मुलगी ती हातातून काढून घेत नाही, थांबते. तेवढा वेळ आपल्याच्याने बसवेल की नाही, हे विद्यार्थ्यास त्या एका दिवसात कळून येते.